षष्ठी विभक्तीतले गोखले



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत चक्रवाढ व्याज शिकवलं. उत्तर बरोबर आलं म्हणून मी वही पुढे केली, तर त्यांनी ती न बघताच परत दिली. म्हणाले, "उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं आहे. ते मला माहीत आहे. तू रीत दाखव." पुढे मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि हेच वाक्य हजारदा तरी उसनं वापरलं. त्याचं व्याज आज फेडायला आलोय म्हणा.

कार्यकर्त्यांनी मला विषय दिला होता 'नामदार गोखले यांचे राजकीय विचार'. मी फोनवरच सांगितलं, बाबांनो, मी इतिहासाचा माणूस नाही. पण एकदा गोखल्यांवरच्या चर्चासत्राला दोन दिवस श्रोता म्हणून बसलो होतो. पुण्यात होतं. तिथं जे ऐकलं आणि जे ऐकायला मिळालं नाही, ते सांगेन. ते हो म्हणाले. आता ऐकून घेणं आलं.

चर्चासत्राला गेलेली मंडळी इथं असतीलच. दारात टेबल, टेबलावर नावांची यादी, यादीत आपलं नाव नसणं, मग ते हातानं लिहिणं. एक कापडी पिशवी, तिच्यात कोरी वही, पेन आणि कार्यक्रमपत्रिका. छातीला बिल्ला. माझ्या बिल्ल्यावर नावापुढे 'प्रा.' लिहिलं होतं. मी म्हटलं, मी प्राध्यापक नाही, शाळामास्तर. टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, सगळ्यांना तेच छापलंय." शाळामास्तराला अशी बढती दुसरीकडे कुठे मिळायची! उपमा आणि चहा झाला, दीपप्रज्वलन झालं, काडी तिसऱ्या वेळी पेटली, आणि बीजभाषण सुरू झालं.

बीजभाषण ऐकता ऐकता मी कार्यक्रमपत्रिका वाचत होतो. निबंधांची शीर्षकं वाचून मला शाळेतला व्याकरणाचा तास आठवला. रानड्यांचे शिष्य गोखले. टिळकांचे प्रतिस्पर्धी गोखले. आगरकरांचे सहकारी गोखले. गांधीजींचे राजकीय गुरू गोखले. फिरोजशहांचे अनुयायी गोखले. एक निबंध तर जिनांच्या आदर्शावर होता. जिनांना म्हणे मुसलमानांमधला गोखले व्हायचं होतं. चा, ची, चे. हा माणूस सगळीकडे षष्ठी विभक्तीत उभा! कर्ता म्हणून, प्रथमेत, एकही शीर्षक नाही. पत्रिकेच्या मागे मी बारीक अक्षरात तसं लिहून ठेवलं.

यात निबंध वाचणाऱ्यांचा दोष नाही. आपल्याकडे गोखले भेटतात तेच असे. सूर्य कोण यावर वाद घालावा आणि हे आपले कुणाच्या ना कुणाच्या प्रकाशातले. 'मवाळ' हा शब्द तर आपण माणसाच्या राजकारणासाठी वापरतो की भातासाठी, तेही कधीकधी कळत नाही. तो नको म्हणून 'नेमस्त' म्हणतात. नेमस्त शब्द मला आवडतो, त्यात नेम आहे.

शाळेच्या पुस्तकात गोखले प्रथमेत येतात, पण ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लहान गोपाळ, घरी करायला दिलेलं गणित, शाबासकी, आणि मग रडत रडत कबुली की मला दुसऱ्यानं मदत केली होती. खरी की रचलेली, यात मी पडत नाही. मी ती वर्गात बरीच वर्षं सांगितली आणि एकाही मुलानं त्यानंतर गाईड वापरणं सोडलं नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती आकड्यांची गोष्ट. गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, गुहागरकडच्या कोतळूकचा. १८७९ मध्ये वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते गोपाळाला शिकायला पाठवत. म्हणजे संसाराला राहिले ७. अर्ध्याहून जास्त पगार दुसऱ्याच्या शिक्षणावर. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, शेवटाकडे उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशीच्या दुपारच्या सत्रात, जेवणानंतर, म्हणजे सभागृहातल्या निम्म्या माना खाली गेलेल्या असताना, एक तरुण मुलगी निबंध वाचायला उठली. विषय १९०२ चं अर्थसंकल्पावरचं भाषण. बिचारीला दहा मिनिटं होती. त्यातली चार आधीच्या वक्त्यानं खाल्ली होती. ती रुपयाच्या दराशी आली आणि सत्राध्यक्षांनी घंटी वाजवली. तिनं पानं उलटली, निष्कर्ष वाचला आणि खाली बसली. रीत राहिली, उत्तर तेवढं आलं.

मला राहवेना. पिशवीतल्या वहीत मी गणित मांडलं. तुम्हीही माझ्याबरोबर मांडा, सोपं आहे.

सरकारला दरवर्षी विलायतेला पैसे पाठवावे लागत. निवृत्त साहेबांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, लष्कराचा खर्च, इंडिया ऑफिसचा खर्च. याला होम चार्जेस म्हणत. पैसे जायचे पौंडात, जमा व्हायचे रुपयात. रुपया चांदीचा, आणि चांदी घसरत चाललेली. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाला १३ पेन्स मिळत असं धरू. एक कोटी पौंड पाठवायचे तर रुपये लागले १८ कोटी ४६ लाख. आता सरकारनं काय केलं होतं? १८९३ मध्येच टाकसाळी बंद केल्या होत्या, म्हणजे चांदी आणून रुपये पाडून घ्यायला लोकांना मनाई. हळूहळू रुपये दुर्मिळ झाले, महाग झाले, आणि शतक संपता संपता रुपया १६ पेन्सांवर गेला. तेच एक कोटी पौंड आता १५ कोटी रुपयांत जाऊ लागले. वाचले ३ कोटी ४६ लाख. आणि प्रत्यक्षात पाठवायचे एक कोटी नव्हते, दीड कोटीच्या वर होते.

इथवर आनंदच आहे. पण रुपया घसरत होता तेव्हा सरकारनं ती तूट भरायला कर वाढवले होते. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये केला होता. तूट गेली. कर मात्र तसाच. मग तिजोरीत शिल्लक दिसू लागली, वर्षामागून वर्ष, कोटींनी. आणि ती शिल्लक दाखवून सरकार म्हणू लागलं, पाहा, देश कसा भरभराटीला आलाय!

ही ती वर्षं, ज्यांत दोन मोठे दुष्काळ पडले आणि प्लेग घरोघर गेला.

२६ मार्च १९०२ ला कलकत्त्याच्या कौन्सिलात पस्तीस वर्षांचा हा गृहस्थ उभा राहिला आणि त्यानं समोर लॉर्ड कर्झन बसलेले असताना ही बेरीज-वजाबाकी मांडली. ही शिल्लक सुबत्तेची नाही. गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. रुपया महाग झाला याचा अर्थ शेतकऱ्याला सारा भरायला तोच रुपया जड झाला. मिठासारख्या वस्तूवर कर असेल तर गरीब माणूस ते कमी खातो, आणि तेही तुमच्याच आकड्यांत दिसतं. एकही आकडा बाहेरचा नाही. सगळे सरकारच्याच अहवालांतले. मास्तरकीत याला म्हणतात, मुलाच्याच वहीतून त्याची चूक दाखवणं. त्याला रडायलाही जागा राहत नाही. पुढे मिठाचा कर उतरत गेला. १९०३ ला २ रुपये, १९०५ ला दीड, १९०७ ला १ रुपया. सगळं श्रेय या भाषणाला देऊ नये, सरकारच्या तिजोरीला ते परवडतही होतं. पण परवडतं आहे हे आधी कुणीतरी मोठ्यानं सांगावं लागतं.

आणि इथं मला एक तक्रार आहे. दोन दिवसांत एकाही वक्त्यानं गणेश व्यंकटेश जोशी हे नाव घेतलं नाही. सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. शाळा सांभाळून हा माणूस सरकारी अहवालांतले आकडे काढायचा, जुळवायचा, टिपणं करायचा. गोखले त्यांना पत्रांवर पत्रं पाठवून टिपणं मागवत, शंका विचारत. विलायतेत, हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे १८९७ मध्ये जी साक्ष झाली, ज्यात कमिशनातल्या जाणत्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारले आणि गोखले डगमगले नाहीत, तिच्यामागेही या हेडमास्तरांची मेहनत होती. लहान गोपाळाला गणितात मदत केल्याची गोष्ट आपण सांगतो, आणि मोठ्या गोपाळरावांना ज्यानं उघड उघड मदत केली त्याचं नाव कुणाला येत नाही. स्वतः गोखले काही वर्षं पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून कित्येक वर्षं चाललं. म्हणजे हे सगळं प्रकरण, मंडळी, मुळात मास्तरांचं आहे. वकिलांनी नंतर ताब्यात घेतलं.

गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजावर तीन निबंध झाले. तिघांनीही १२ जून १९०५, फर्ग्युसनमागची टेकडी, चौघांची शपथ हे सांगितलं. तिसऱ्याच्या वेळी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी डोळे मिटूनच तारीख पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सभागृह जागं झालं, कारण विषय माफीचा होता. प्रसंग थोडक्यात असा. १८९७ चा प्लेग. प्लेगचा अधिकारी रँड याच्या हाताखाली गोरे शिपाई पुण्यात घरोघर शिरून झडत्या घेत होते. गोखले तेव्हा साक्षीसाठी विलायतेत. पुण्याहून स्नेह्यांची पत्रं गेली की शिपायांनी बायकांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते तिथं जाहीर केलं, वृत्तपत्रात आलं, पार्लमेंटात प्रश्न निघाले. इकडे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. जुलैअखेर टिळकांना अटक झाली. आणि त्याच दिवसांत गोखल्यांची बोट मुंबईला लागली. सरकार म्हणालं, पुरावा आण. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते, आणि तो काळ पाहता त्यांना कोण दोष देईल? गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी मागितली.

सभागृहात दोन तट पडले, ते पडणारच. एक प्राध्यापक म्हणाले, हा भेकडपणा. दुसरे म्हणाले, हीच सभ्यता. आवाज चढले. सत्राध्यक्ष घंटी शोधू लागले, ती चहाबरोबर बाहेर गेली होती. मला दोन्ही बाजूंचं पटलं नाही. मी गणितवाला. मला हे असं दिसतं की, मुलाचं उत्तर बरोबर असू शकतं, पण रीत दाखवता आली नाही तर त्याला गुण देता येत नाहीत. गोखल्यांनी रीत नसलेलं उत्तर फळ्यावर लिहिलं होतं. आयुष्यात एकदाच. आकड्यांचा इतका काटेकोर माणूस ऐकीव गोष्टीवर विसंबला तो रागानं, आणि राग खराच होता. मग त्यांनी ते उत्तर स्वतःच्या हातानं पुसलं, सगळ्या वर्गासमोर. पुसताना जरा जास्तच पुसलं, असं माझंही मत आहे. माफीत शिपायांची स्तुतीही केली, तिचं काही कारण नव्हतं. पण ज्यांनी विश्वासानं पत्रं लिहिली त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्यांनी सरकारला दिलं नाही, ही गोष्ट माफीच्या गोंगाटात कुणी ऐकत नाही. सगळी बदनामी एकट्याच्या नावावर लावून घेतली. त्यानंतर ते पुण्यात प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. कारण मी त्यांना विचारू शकत नाही. मला वाटतं, पुढच्या वेळी ऐकीव नको, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं, म्हणून.

हे मी उठून बोलणार होतो. पण 'प्रश्न विचारा, भाषण करू नका' असं संयोजकांनी सांगितलं, आणि माझ्याजवळ प्रश्न नव्हता.

आता शेवटचा निबंध, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा. समारोपाच्या पाहुण्यांची गाडी वाहतुकीत अडकली म्हणून या विषयाला चक्क पाऊण तास मिळाला. वाहतुकीचे उपकार.

१९१० च्या मार्चमध्ये गोखल्यांनी कौन्सिलात ठराव मांडला. सरकारनं विचार करतो म्हणून सांगितलं, ठराव मागे घेतला गेला. १६ मार्च १९११ ला त्यांनी विधेयकच आणलं. ते किती बेताचं होतं बघा. सक्ती एकदम देशभर नाही. ज्या म्युनिसिपालट्यांना, लोकल बोर्डांना हवी त्यांनीच लागू करावी, तीही तिथली ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील तर, आणि वर सरकारची परवानगी घेऊन. वय ६ ते १०. आधी मुलगे, मुलींचं पुढे. महिना १० रुपयांच्या आत मिळकत असलेल्या बापाकडून फी घ्यायची नाही. खर्च स्थानिक संस्था आणि सरकार यांनी वाटून घ्यायचा. इतक्या अटी, की आज वाचताना आपल्यालाच चुळबुळ होते. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीची मागणी केली होती. तिच्यापुढे हे म्हणजे ताटातल्या चार शितांची मागणी. निबंधवाल्या बाईंनी तेच म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं. मुली 'पुढे' म्हणजे कधी, हे त्यांनी तीनदा विचारलं.

तरी ती चार शितं मिळाली नाहीत. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारांचं मत प्रतिकूल, अशी कारणं निघाली. शेतावर राबायचं कुणी, ही जमीनदारांची धास्ती होती. गोखल्यांनी बडोद्याकडे बोट दाखवलं. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात सक्ती केली होती. एका संस्थानिकाला जे जमतं ते साम्राज्याला का जमू नये? १९ मार्च १९१२ ला मतदान झालं. विधेयक मंजूर करायचं की नाही यावर नव्हे हं! ते चिकित्सा समितीकडे पाठवावं का, एवढ्याचवर. बाजूनं १३, विरुद्ध ३८. तेरांत जिना होते, मालवीय होते. अडतीसांत सरकारी सभासदांच्या जोडीला काही आपलेही होते. एकूण ५१, त्यांतले १३, म्हणजे पावाहून किंचित जास्त.

कौन्सिलात सरकारी बहुमत होतं, त्यामुळे हा निकाल गोखल्यांना आधीच माहीत होता. उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं होतं. तरी ते दोन वर्षं प्रत्येक आक्षेपाला आकड्यांनी उत्तर देत राहिले, कारण रीत दाखवायची होती. १५ रुपयांतले ८ रुपये दुसऱ्याच्या शिक्षणावर घालणारा भाऊ ज्यानं पाहिला होता, त्याला 'देशाला परवडत नाही' हे कसं पटावं? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीरात सक्ती केली. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या म्युनिसिपालट्यांपुरता कायदा करून घेतला. देशभराचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० ला, वय ६ ते १४, मुलींसकट. गोखल्यांच्या मतदानानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी. ते स्वतः १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले, एकोणपन्नासही पुरे नव्हते. स्मशानात टिळक बोलले. ते भाषण सगळ्यांना आठवतं. षष्ठी काही सुटत नाही.

समारोप झाला. प्रमाणपत्रं वाटली. माझ्या प्रमाणपत्रावर छापलं होतं, 'यांनी ......... या विषयावर शोधनिबंध सादर केला'. श्रोत्यांसाठी वेगळा कागद नव्हता. टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, ती जागा तशीच ठेवा." ठेवली.

बसथांब्यावर ती १९०२ वाली मुलगी उभी होती. मी वहीतलं पान फाडून तिला दिलं, तुझा राहिलेला भाग म्हटलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, दोन ओळींवर बोट ठेवलं आणि थोडं संकोचून म्हणाली, "सर, तुम्ही १३ पेन्स धरलेत. त्या वर्षाची सरासरी १३.१ च्या आसपास होती. १८ कोटी ४६ लाख नाही येणार, ३२ लाख येतील." मी मोबाइलवर करून पाहिलं. ३२ च.

मी पेन काढून तिथंच दुरुस्त केलं आणि समासात, सवयीनं, बरोबरची खूण केली. तेवढ्यात तिची बस आली. पान तिच्याकडेच राहिलं. त्यामुळे आज तुमच्यापुढे गणित मांडताना मी सोयीसाठी पुन्हा १३ च धरले. व्याख्यान छापणार असाल तर हा भाग वगळू नका.